एक लॉगिन, अनेक चाचण्या: ब्राउझर सत्राच्या वाटणीच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आमच्या साठा-व्यवस्थापनाच्या वेब ॲप्लिकेशनसाठी पायटेस्ट (पायथॉनमध्ये चाचण्या चालवणारे साधन) आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारे साधन) वापरून लिहिलेल्या १८४ स्वयंचलित चाचण्या आहेत. त्या एकापाठोपाठ चालायला आज ५८ मिनिटे लागली. हा वेळ कुठे जातो हे आजवर कोणी मोजले नव्हते, म्हणून प्रत्येक चाचणीचे तीन भाग करून मोजमाप घेतले: ब्राउझर सुरू होणे, लॉगिन आणि प्रत्यक्ष तपासणी. ब्राउझर सुरू व्हायला साधारण ३ सेकंद लागतात आणि लॉगिनला १०, कारण नाव व पासवर्ड घेणारे पान आमच्या ॲप्लिकेशनचे नसून ओळख पटवणाऱ्या वेगळ्या डोमेनवरचे आहे आणि तिथून परत येईपर्यंत पान तीन वेळा बदलते. १८४ पैकी ६ चाचण्या लॉगिनच्याच आहेत. उरलेल्या १७८ चाचण्यांना लॉगिन तपासायचे नसते, त्यांना फक्त आत यायचे असते, आणि तरीही त्यातली प्रत्येक चाचणी दारावर १३ सेकंद थांबते. हिशेब केला तर ३८ मिनिटांहून अधिक वेळ नुसता आत शिरण्यात जातो. एकदा लॉगिन करून तेच सत्र सगळ्या चाचण्यांना वापरता येईल का, हे ठरवण्यासाठी हे काम हाती घेतले आहे.

४ फेब्रुवारी

सर्वांत सोपा उपाय आधी करून पाहिला. ड्रायव्हर (ब्राउझरला आज्ञा पाठवणारा घटक) तयार करणाऱ्या फिक्स्चरची, म्हणजे चाचणीआधीची तयारी करणाऱ्या कोडची, व्याप्ती प्रत्येक चाचणीपुरती होती, ती बदलून संपूर्ण फेरीपुरती केली आणि लॉगिनचे पाऊल त्याच फिक्स्चरमध्ये हलवले. बदल दोन-तीन ओळींचाच आहे. आता ब्राउझर एकदाच उघडतो, एकदाच लॉगिन होते आणि सगळ्या चाचण्या त्याच खिडकीत एकामागून एक चालतात. लॉगिनच्या ६ चाचण्यांना स्वतंत्र ड्रायव्हर ठेवला आहे.

संध्याकाळची फेरी २१ मिनिटांत संपली आणि सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या.

५ फेब्रुवारी

कालचा निकाल पाहून समाधान वाटले होते, पण चाचण्या ज्या क्रमाने फायलींमध्ये लिहिलेल्या आहेत त्याच क्रमाने त्या चालल्या होत्या, ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून आज क्रम विस्कटून चाचण्या चालवणारे प्लगइन बसवले. पहिल्याच फेरीत १७ चाचण्या नापास झाल्या आणि वेगळ्या क्रमाने पुन्हा चालवल्यावर ११, त्याही बऱ्याचशा निराळ्या. यातली एकही चाचणी एकटी चालवली तर नापास होत नाही.

एक प्रकरण शेवटपर्यंत तपासले, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो. साठ्याचा अहवाल उघडणारी एक अगदी साधी चाचणी पहिल्याच ओळीवर, म्हणजे पान उघडण्याच्या आज्ञेवरच, ‘अनपेक्षित अलर्ट उघडा आहे’ अशी त्रुटी देऊन थांबली. अहवालाच्या पानावर कोणताही अलर्ट, म्हणजे उत्तर मागणारी चौकट, नाही. पण तिच्या आधी चाललेली चाचणी वस्तू काढून टाकण्याच्या बटणाची होती. ती बटण दाबते, ‘खात्री आहे का?’ असे विचारणारी चौकट आली एवढे पाहते आणि तिथेच संपते. पूर्वी चाचणी संपली की ब्राउझर बंद होत असे, त्यामुळे उघडी राहिलेली चौकट त्याच्याबरोबर नाहीशी होई. आता ब्राउझर चालूच राहतो आणि चौकटही. वेबड्रायव्हरचा, म्हणजे सेलेनियम ज्या प्रमाणानुसार ब्राउझरला आज्ञा देते त्याचा, मूळ नियम असा आहे की अशी चौकट उघडी असताना दुसरी आज्ञा आली तर चौकट रद्द करायची आणि त्या आज्ञेला त्रुटी कळवायची. म्हणजे चूक पहिल्या चाचणीची आणि नापास झाली दुसरी. तिसऱ्या चाचणीपर्यंत चौकट नाहीशी झालेली असते, त्यामुळे मागे कोणताही पुरावा राहत नाही. स्क्रीनशॉटमध्येही काही दिसले नाही. लॉगमधल्या वेळा एकमेकींशेजारी ठेवल्या तेव्हाच हा प्रकार उलगडला.

६ फेब्रुवारी

उरलेल्या अपयशांची कारणे शोधली. भाषा बदलण्याची चाचणी संपल्यावर भाषा बदललेलीच राहते आणि पुढच्या चाचण्या जुन्या भाषेतली बटणे शोधत बसतात. यादीवर लावलेली गाळणी लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या साठ्यात, राहते, म्हणून ‘यादीत ४० वस्तू दिसाव्यात’ म्हणणाऱ्या चाचणीला ३ वस्तू दिसतात. छपाईची चाचणी नवी टॅब उघडते आणि ती बंद न करता संपते, त्यामुळे पुढच्या चाचणीचा ड्रायव्हर भलत्याच टॅबमध्ये उभा असतो.

उलटा प्रकारही सापडला आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. दोन चाचण्या उत्तीर्ण होत होत्या त्या केवळ आधीच्या चाचणीने योग्य पान उघडून ठेवले होते म्हणून. त्यांच्यातले पान उघडण्याचे पाऊल कोणीतरी चुकून काढले होते आणि ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. नापास होणारी चाचणी निदान स्वतःकडे लक्ष वेधून घेते. दुसरीच्या आधारावर उत्तीर्ण होणारी चाचणी मात्र आमची खोटी खात्री करून देत राहते.

१० फेब्रुवारी

प्रत्येक चाचणीनंतर ब्राउझर स्वच्छ करून पाहावा असे ठरले. जास्तीच्या टॅब बंद करणे आणि उघडी चौकट रद्द करणे सोपे होते. कुकींच्या, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींच्या, बाबतीत मात्र अडलो. सगळ्या कुकी पुसण्याची आज्ञा तिच्या नावावरून वाटते तेवढी व्यापक नाही, कारण ती फक्त सध्या उघडलेल्या पानाला लागू असलेल्या कुकी पुसते. आमच्या ॲप्लिकेशनच्या कुकी गेल्या, पण ओळख पटवणाऱ्या डोमेनची कुकी तशीच राहिली. परिणामी, कुकी पुसून पान पुन्हा उघडल्यावर लॉगिनचे पान यायला हवे होते, त्याऐवजी ॲप्लिकेशन क्षणभर त्या दुसऱ्या डोमेनवर जाऊन गुपचूप नवे लॉगिन घेऊन परत आले. ही आज्ञा लोकल स्टोरेजलाही हात लावत नाही. क्रोमला आतून आज्ञा देण्याच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलमध्ये एखाद्या मूळ-पत्त्याचा, म्हणजे एका संकेतस्थळाचा, सगळा साठा एकदम पुसण्याची सोय आहे आणि ती सेलेनियममधून वापरता येते. दोन्ही डोमेनसाठी ती वापरली तेव्हा साफसफाई पूर्ण झाली.

पण तेवढी साफसफाई केली की लॉगिनही जाते. जे वाचवण्यासाठी हा खटाटोप मांडला तेच पुसून बसलो. काय राखायचे आणि काय टाकायचे याची यादी हाताने सांभाळावी लागणार, आणि ॲप्लिकेशनमध्ये काही नवे साठवायला सुरुवात झाली की ती यादी अपुरी पडणार. या वाटेवर माझा विश्वास उरलेला नाही.

११ फेब्रुवारी

एका सहकाऱ्यांनी सुचवले की सत्राचा क्रमांक जपून ठेवावा आणि दुसऱ्या प्रक्रियेतून त्याच सत्राला जोडून घ्यावे, म्हणजे समांतर चालणाऱ्या चार प्रक्रिया एकच ब्राउझर वापरतील. हे अशक्य नाही. जून २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या वेबड्रायव्हर प्रमाणानुसार सत्र सुरू झाले की सर्व्हर एक क्रमांक देतो आणि पुढची प्रत्येक आज्ञा तो क्रमांक पत्त्यात घालून एचटीटीपीने पाठवली जाते. क्रमांक ज्याच्याकडे आहे त्याला आज्ञा पाठवता येते. पण सत्राला ‘सध्याची खिडकी’ एकच असते. करून पाहिले तेव्हा एका चाचणीने पान उघडले, दुसरीने लगेच दुसरे उघडले आणि पहिली आपल्या नसलेल्या पानावर बटण शोधत राहिली. एकाच सुकाणूवर चार जणांनी हात ठेवावा तसे झाले. हा मार्ग बंद.

क्रोमचे प्रोफाइल फोल्डर चार ब्राउझरांना सामायिक देण्याची सूचनाही आली होती. पहिला ब्राउझर चालू असताना दुसरा सुरूच होत नाही, फोल्डर आधीच वापरात असल्याची त्रुटी येते.

१२ फेब्रुवारी

आज चाचणी लिहिली नाही, फक्त विचार केला आणि बैठकीत तो मांडला. गेला आठवडाभर आम्ही ‘सत्र’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरत होतो आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ब्राउझरची चालू प्रक्रिया. दुसरी म्हणजे वेबड्रायव्हरचे सत्र, म्हणजे त्या ब्राउझरला आज्ञा पाठवण्याची वाट. तिसरी म्हणजे लॉगिनचे सत्र, आणि ते ब्राउझरमध्ये नसतेच, ते सर्व्हरवर असते. एचटीटीपीला स्वतःची स्मृती नाही. दर विनंती नव्याने येते, आणि ती कोणाची हे सर्व्हरला कळते ते सोबत आलेल्या कुकीवरून. ब्राउझरकडे असतो तो केवळ बिल्ला. बिल्ल्याची प्रत दुसऱ्या, अगदी कोऱ्या ब्राउझरला दिली तर सर्व्हर त्यालाही तोच वापरकर्ता मानतो.

आम्हाला वाटून घ्यायची आहे ती फक्त तिसरी गोष्ट. पहिली वाटली तर वेळ वाचतो, पण त्यासाठी आतल्या प्रत्येक कप्प्याची भिंत शाबूत हवी. दुसरी मात्र कधीच वाटू नये. बैठकीत यावर एकमत झाले आणि यापुढे नोंदींमध्ये ‘लॉगिन’, ‘ब्राउझर’ आणि ‘ड्रायव्हर’ हे शब्द वेगवेगळे वापरायचे ठरले.

१३ फेब्रुवारी

सेलेनियममध्येच बिल्ल्याची प्रत देऊन पाहिली. फेरीच्या सुरुवातीला एकदा लॉगिन करून सगळ्या कुकी वाचून फायलीत ठेवल्या. लॉगिनची कुकी फक्त एचटीटीपीपुरती राखीव असल्याने पानातल्या जावास्क्रिप्टला ती दिसत नाही, पण वेबड्रायव्हरला दिसते. नंतर प्रत्येक चाचणीला नवा ब्राउझर देऊन त्यात त्या कुकी घातल्या. इथे एक अट लक्षात ठेवावी लागते: कुकी घालण्याआधी ब्राउझर त्या डोमेनच्या एखाद्या पानावर असायला हवा, नाहीतर कुकीचे डोमेन चुकीचे असल्याची त्रुटी येते. मुख्य पान उघडले तर ॲप्लिकेशन लगेच लॉगिनकडे पळवते, म्हणून आधी अस्तित्वात नसलेला एक पत्ता उघडायचा, ‘पान सापडले नाही’ असे उत्तर आले की कुकी घालायच्या आणि मग खरे पान उघडायचे.

१० सेकंदांचे लॉगिन एका सेकंदाच्या आत आले. ब्राउझर सुरू होण्याचे ३ सेकंद मात्र तसेच राहिले. क्रम विस्कटून तीन फेऱ्या घेतल्या आणि आधीची सगळी अपयशे नाहीशी झाली, अपवाद त्या दोन परावलंबी चाचण्यांचा, ज्या आता दर वेळी नापास होतात आणि तसेच व्हायला हवे. त्यांतले हरवलेले पाऊल परत लिहिले. फेरीला ३२ मिनिटे लागली.

१७ फेब्रुवारी

उरलेल्या ३ सेकंदांसाठी प्लेराइट हे सेलेनियमसारखेच दुसरे साधन तपासले. तिथे एका ब्राउझरमध्ये कितीही ‘कॉन्टेक्स्ट’ उघडता येतात आणि प्रत्येकाच्या कुकी, साठा व टॅब इतरांपासून पूर्णपणे वेगळ्या राहतात. खासगी खिडकीसारखीच ही सोय आहे, फक्त अशा अनेक खिडक्या एकमेकींना न ओळखता शेजारी चालू राहतात. नवा कॉन्टेक्स्ट इतक्या चटकन तयार होतो की त्याचा वेळ वेगळा मोजण्याचे कारण उरत नाही. पायटेस्टसाठीच्या त्याच्या प्लगइनने व्याप्तीही नेमक्या अशाच बांधल्या आहेत: ब्राउझर संपूर्ण फेरीपुरता, कॉन्टेक्स्ट आणि पान प्रत्येक चाचणीपुरते. १२ तारखेला आम्ही जे शब्दांत मांडले ते इथे आयते हाताशी आले.

लॉगिननंतरची स्थिती एका आज्ञेने जेसन फायलीत साठवता येते आणि नवा कॉन्टेक्स्ट उघडताना ती फाइल दिली की चाचणी थेट आतल्या पानावर सुरू होते. सगळ्या डोमेनच्या कुकी आणि लोकल स्टोरेज त्यात एकत्र येतात.

१८ फेब्रुवारी

नमुन्यादाखल २० चाचण्या प्लेराइटवर आणल्या. त्यातल्या ४ नापास झाल्या, कारण त्यांना कोणते गोदाम निवडले आहे हे कळेना. निवडलेले गोदाम आमचे ॲप्लिकेशन सेशन स्टोरेजमध्ये ठेवते. हा साठा एका टॅबपुरता असतो आणि साठवलेल्या स्थितीच्या फायलीत तो येत नाही. त्यावर उपाय असा की पानाची स्वतःची स्क्रिप्ट चालण्याआधी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट कॉन्टेक्स्टला जोडायची आणि तिच्यातून गोदामाची नोंद सेशन स्टोरेजमध्ये लिहायची. चारही चाचण्या उत्तीर्ण झाल्या.

हे करताना मनात किंचित अडखळलो, कारण गोदाम निवडण्याचे पान या चाचण्या आता पाहतच नाहीत. म्हणून त्या पानाची एक स्वतंत्र चाचणी लिहिली. ज्या पायरीवरून सगळ्यांना उचलून पुढे नेतो, ती पायरी निदान एका चाचणीने स्वतःच्या पायाने चढलीच पाहिजे. लॉगिनच्या ६ चाचण्याही याच कारणासाठी रिकाम्या कॉन्टेक्स्टमध्ये, साठवलेल्या फायलीशिवाय चालतात.

१४ मार्च

गेले साडेतीन आठवडे चाचण्या प्लेराइटवर हलवण्यात गेले. पानांवरचे घटक शोधण्याचा कोड पहिल्यापासून वेगळ्या वर्गांमध्ये ठेवलेला होता, त्यामुळे चाचण्यांच्या मजकुराला फारसा धक्का लागला नाही. नव्या चाचणीसह आता १८५ झाल्या. एका प्रक्रियेत फेरीला १९ मिनिटे लागतात.

१७ मार्च

आज चार वर्करवर समांतर फेरी घेतली. फेरीपुरती व्याप्ती असलेले फिक्स्चर समांतर चालवताना एकदाच चालत नाही, प्रत्येक वर्कर ही वेगळी प्रक्रिया असल्याने ते चार वेळा चालते. म्हणजे एकाच खात्यावर चार लॉगिन झाले. आमच्या सर्व्हरचा नियम आहे की एका खात्याचे नवे लॉगिन झाले की जुने रद्द होते. शेवटी लॉगिन केलेला वर्कर सुखरूप चालला, बाकी तिघांच्या चाचण्या लॉगिनच्या पानावर फेकल्या गेल्या.

एकदाच लॉगिन करून फाइल चौघांना द्यावी, तिच्यावर कुलूप ठेवून बाकीच्यांनी ती तयार होईपर्यंत थांबावे, असेही करून पाहिले. लॉगिन टिकले, पण नवा घोळ उघडा पडला. कॉन्टेक्स्टच्या भिंती ब्राउझरपुरत्या असतात, सर्व्हरवर त्या नाहीत. एका वर्करने भाषा बदलली की ती खात्यावर नोंदवली जाते आणि इतर तिघांची पानेही पुढच्या विनंतीपासून त्या भाषेत येतात. ६ फेब्रुवारीला जे एका खिडकीत झाले होते तेच आता चार खिडक्यांत झाले, आणि या वेळी क्रम पाहून कारण शोधणेही अवघड, कारण चाचण्या एकाच क्षणी चालू असतात.

१८ मार्च

प्रत्येक वर्करला स्वतःचे खाते दिले. समांतर चालवणारे प्लगइन प्रत्येक वर्करला जीडब्ल्यू०, जीडब्ल्यू१ अशी नावे देते. त्या नावावरून खाते निवडायचे आणि त्याच नावाच्या फायलीत लॉगिनची स्थिती ठेवायची. चाचण्या समांतर नसतील तर तेच नाव ‘मास्टर’ असे येते. ही शक्यता विसरलो होतो आणि सहकाऱ्यांच्या संगणकावर एकटी चाचणी चालवताना खाते सापडेना, तेव्हा ती लगेच जोडली. भाषा आणि गाळण्या बदलणाऱ्या चाचण्या आता सुरुवातीलाच सर्व्हरच्या एपीआयमधून (पान न उघडता थेट विनंती पाठवून) आपली स्थिती हवी तशी करून घेतात. आधीची चाचणी नीट आवरून गेली असेल यावर कोणी विसंबत नाही.

१९ मार्च

जीडब्ल्यू२ वरच्या चाचण्या फेरीच्या मध्येच एका क्षणानंतर सगळ्या नापास झाल्या. त्या क्षणी लॉगआउटची चाचणी त्या वर्करवर चालली होती. लॉगआउट म्हणजे फक्त कुकी पुसणे नव्हे, सर्व्हर आपल्याकडचे सत्रच संपवतो आणि मग त्या बिल्ल्याच्या सगळ्या प्रती निकामी होतात. पासवर्ड बदलण्याच्या चाचणीचेही तसेच. या दोन्हींसाठी वेगळे खाते केले आणि त्यांना पूर्ण लॉगिन करायला लावले. त्यांचे १० सेकंद वाया जात नाहीत, त्यांना तेच तपासायचे आहे.

२० मार्च

दोन कामे केली. स्थितीच्या फायली चुकून कोडच्या भांडारात जाऊ नयेत म्हणून त्यांचे फोल्डर गिटच्या वगळण्याच्या यादीत घातले आणि फेरी संपल्यावर त्या पुसल्या जातील असे केले. ज्याच्या हाती ती फाइल पडेल त्याला पासवर्डशिवाय त्या खात्यात शिरता येते, त्यामुळे ती पासवर्डइतकीच जपली पाहिजे.

दुसरे म्हणजे, फाइल वापरण्याआधी तिच्यातले लॉगिन जिवंत आहे का हे सर्व्हरला एक हलकी विनंती पाठवून पाहतो. उत्तर नकारार्थी आले तर नवे लॉगिन. काल एक सहकारी रात्रीच्या जेवणानंतर त्याच फायलीने काम पुढे चालवू पाहत होत्या आणि सर्व्हरने मुदत संपल्यामुळे सत्र बंद केले होते. चाचणी सांगत होती की साठ्याची यादी सापडली नाही. त्यांचा अर्धा तास यादीचा कोड वाचण्यात गेला.

२४ मार्च

चार वर्कर, विस्कटलेला क्रम, सलग दहा फेऱ्या. नऊ फेऱ्यांत सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, सरासरी वेळ ६ मिनिटांच्या आसपास. दहाव्या फेरीत साठा हलवण्याची एक चाचणी नापास झाली. प्लगइनने छापलेला सीड (क्रम ठरवणारा आकडा) देऊन तोच क्रम पुन्हा चालवला, पण समांतर फेरीत क्षणांचा मेळ तसाच जुळून येत नाही आणि चाचणी उत्तीर्ण झाली. ट्रेस (चाचणीच्या प्रत्येक पावलाची नोंद) उघडून पाहिला तर दोन वेगवेगळ्या खात्यांनी एकाच वस्तूचा साठा एकाच वेळी हलवलेला दिसतो. खाती वेगळी केली, पण वस्तू सामायिकच आहे. त्या चाचणीत वस्तू स्वतः तयार करून वापरण्याचा बदल उद्या सकाळी करतो, आणि ठरावीक वस्तू-क्रमांक थेट लिहिलेल्या आणखी ९ चाचण्या सापडल्या आहेत, त्यांची यादी कामांच्या फलकावर लावली आहे.